पल्याडच्या वाळूपर्यंत

मला देवी आल्या तेव्हा मी चौदा वर्षांची होते. झरीत त्या उन्हाळ्यात जवळजवळ प्रत्येक घरात एखादं अंथरूण पडलेलं होतं. आमच्या गल्लीतली लेकरं गेली, मी वाचले. ताप उतरला, खपल्या पडल्या, आईनं लिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं न्हाऊ घातलं आणि अप्पांनी महादेवाला अभिषेक केला. अप्पा म्हणजे माझे वडील. आमचं घर लिंगायताचं, शेती बऱ्यापैकी, दावणीला बैल, आणि घरात बोलणं कमी.

डोळे शाबूत राहिले, पण चेहऱ्यावर वण राहिले. गालांवर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावरसुद्धा. मी अंथरुणातून उठले तेव्हा भिंतीवरचा आरसा काढून ठेवलेला होता. कुणी काढला हे मी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. पूर्णेकडच्या एका घरी माझी सोयरीक ठरली होती, सुपारी फुटली होती. आखाडात तिकडून निरोप आला की यंदा आमचं जमत नाही. पुढच्या वर्षी जमेल का, हे विचारायला आमच्याकडून कुणी गेलं नाही.

त्या दिवसांत घरातलं कुणी मला टोचून बोललं नाही. बोललं असतं तर मी भांडले असते आणि भांडण्यापुरता तरी जीव अंगात आला असता. आई माझ्या भाकरीवर सगळ्यांपेक्षा जास्त तूप घालायची आणि वळून डोळे पुसायची. शेजारच्या बायका आल्या की दारातच त्यांचा आवाज खाली यायचा. मी झाडू हातात घेतला की कुणीतरी तो काढून घ्यायचं आणि म्हणायचं, राहू दे तिला. पाण्याला निघाले तरी तेच. मैत्रिणी सुरुवातीला आल्या, मी बाहेर आले नाही म्हणून नंतर यायच्या थांबल्या. माजघरात ज्वारीच्या कणगीच्या मागं एक जागा होती, तिथं मी बसून राहायची. दिवसा झोपायची, रात्री टक्क जागी. भूक म्हणून लागायची नाही. चौदाव्या वर्षी मला वाटायला लागलं होतं की माझं जे काय व्हायचं ते होऊन गेलं, आता नुसते दिवस उरले.

श्रावणात आत्या आली. आत्या अप्पांची थोरली बहीण, गंगाखेडला दिलेली. उंच, रुंद हाडाची आणि घरातल्या कुणालाच न शोभणाऱ्या मोठ्या आवाजाची. ती आली, पाय धुतले, गूळ-पाणी घेतलं आणि पोरगी कुठं आहे म्हणून विचारलं. आईनं माजघराकडं बोट केलं. आत्यानं कणगीच्या मागून मला दंडाला धरून उठवलं, परसात नेलं, उन्हात उभं केलं आणि हनुवटी धरून माझा चेहरा या बाजूनं त्या बाजूनं नीट पाहिला. बाजारात मडकं बघावं तसा. इतक्या दिवसांत माझ्याकडं असं सरळ कुणी पाहिलंच नव्हतं.

मग ती म्हणाली, "देवी आल्या अन् गेल्या. तू हायस अजून. मंग अंधारात कशाला बसायलीस?"

  त्याच संध्याकाळी तिनं अप्पांना सांगून टाकलं की पोरीला मी घेऊन जाते. आई घाबरली. परक्या गावात हिच्याकडं कोण बघणार, असं तिचं म्हणणं. आत्यानं भाकरीचा तुकडा मोडत सांगितलं, "तिच्याकडं कुनी बघायचं न्हाई. तीच घराकडं बघंल."

परभणीपर्यंत बैलगाडी आणि तिथून पुढं रेल्वे. मी पदर नाकापर्यंत ओढून खिडकीशी बसले होते. डब्यातल्या एका बाईनं माझ्याकडं बघून चुकचुक केली आणि आत्याला विचारलं की पोरीला काय झालं. आत्या म्हणाली, देवी झाल्या होत्या, आता बरी आहे, आणि तुमच्या टोपल्यात काय आहे? बाईच्या टोपल्यात काकड्या होत्या. पोखर्णीच्या पुढं जाईपर्यंत आम्ही सगळ्या काकड्या खात होतो आणि ती बाई आपल्या सुनेचं गाऱ्हाणं सांगत होती. माझा विषय तेवढ्यात संपला होता. मला त्याचं फार आश्चर्य वाटलं.

गंगाखेडला आत्याचं घर नदीच्या वाटेवर होतं. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. घरात आत्या आणि तिचे यजमान, दोघंच. त्यांना मी मामा म्हणायची. त्यांचा एकुलता मुलगा हैदराबादेला नोकरीला होता. मामांचं बाजारात कापडाचं दुकान. कपाळाला भस्म, डोक्याला रुमाल, चालणं सावकाश. दिवसभरात ते जेवढं बोलायचे तेवढं आत्या चूल पेटेपर्यंत बोलून घ्यायची.

आत्याच्या घराचे नियम तिनं मला पहिल्या संध्याकाळीच सांगितले. पहाटे जात्यावर तिच्या समोर बसायचं. गाईचं सगळं माझ्याकडं. मग नदी, मग शाळा. दिवसा अंथरूण दिसता कामा नये. आणि घरात आलं-गेलं कुणीही असो, पाणी द्यायला मीच पुढं व्हायचं. मी विचारलं, चेहरा झाकून गेलं तर चालेल का? ती म्हणाली की झाकलेल्या तोंडानं तांब्या दिसणार नाही, तेवढं सांभाळ.

पहिले दिवस वाईट गेले. खुंटा ओढून दंड भरून यायचे. गाय मला ओळखत नव्हती, शेपटी मारायची. पण दुपारी आडवं व्हायची सोय नव्हती, त्यामुळं रात्री मी पडल्या पडल्या झोपायची. किती दिवसांनी तशी झोप येत होती. झोप आली म्हणून भूक आली. एका सकाळी मी तिसरी भाकरी मागितली. आत्यानं तव्यावरची उचलून ताटात टाकली आणि पुढची थापायला घेतली. झरीला असते तर आई त्या भाकरीवर रडली असती.

घाटावर पहिल्यांदा गेले तेव्हा धुणं धुणाऱ्या बायकांनी हात थांबवले. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, अगंबाई, हिचं लगीन व्हायचं कसं? माझ्या हातातलं लुगडं अर्धं पिळलेलं तसंच राहिलं.  आत्या मला म्हणाली, नीट पीळ, पाणी गळायलंय. मी पिळलं. दुसऱ्या दिवशी म्हातारीनं पुन्हा तेच म्हटलं, मी पुन्हा पिळलं. आठवडा गेल्यावर ती म्हातारी माझ्याकडूनच आपली गोधडी पिळून घ्यायला लागली.

तिथंच मला माझी मैत्रीण भेटली. आमच्या गल्लीच्या टोकाला एक मुसलमान रंगारी राहायचा, त्याची ती मुलगी. माझ्याच वयाची. बापानं रंगवलेलं कापड नदीवर खळबळायला आणायची, तिचे हात कोपरापर्यंत निळे असायचे. ती माझ्याजवळ आली, चेहऱ्याकडं नीट पाहिलं आणि तिच्या दखनीत विचारलं, "अब दुखता क्या?"

मी म्हणाले, न्हाई.

"तो फिर चल गे, ये पल्ला पकड," असं म्हणून तिनं लांबलचक ओल्या कापडाचं एक टोक माझ्या हातात दिलं.

त्या दिवसापासून ती आणि मी. तिला सगळ्याचं हसू यायचं. बापाच्या रागाचं, गाढवाचं, स्वतःच्या निळ्या हातांचं. ती मला कधी धीर द्यायची नाही, नुसतं कापडाचं टोक धरायला लावायची. तिच्या हसण्याला कारण लागत नाही हे बघून मीही मग कारणाची वाट बघायचं सोडून दिलं.

शाळा मुलींची होती, खालच्या वर्गांपुरती. बाई एकच, औरंगाबादेकडच्या. निजामाच्या राज्यात पुढचं शिक्षण त्या काळी उर्दूतून असायचं आणि ते मुलांसाठी होतं. पण तिथवर जायचा प्रश्नच नव्हता, मला मुळाक्षरंच धड येत नव्हती. बाईंनी मला पहिलीच्या लेकरांत बसवलं. गुडघ्याएवढ्या पोरींच्या मधे मी एकटी घोडी. लाज वाटत होती ती चेहऱ्याची की उंचीची, हे मला कळेना. त्या पोरींना माझ्या लग्नाची फिकीर नव्हती. त्यांतली एक माझ्या मांडीला टेकून बसायची. तिनं एकदा माझ्या गालावर बोट ठेवून विचारलं, "हे खड्डे मोजू का?"

 तिनं खरोखरच विचारलं होतं, म्हणून मी म्हणाले, मोज.

ती मोजायला लागली. तिला विसाच्या पुढं येत नव्हतं. वीस झाले की ती पुन्हा एकपासून सुरू करायची. मग मीच तिला पुढचे आकडे सांगितले, जे मी स्वतः नुकतेच पाठ केले होते. ती मोजत राहिली, बाकीच्या पोरी भोवती गोळा झाल्या, एकजण दुसऱ्या गालावरचे मोजू लागली. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी पोरींना हाकललं नाही. दुसऱ्या दिवसापासून लहान पोरींचे आकडे माझ्याकडं दिले. स्वतः एक धडा शिकायचा आणि लगेच तो खाली शिकवायचा, असं माझं शिक्षण झालं. त्यामुळं ते झपाट्यानं झालं.

दिवाळीनंतर नदीचं पाणी निवळलं तसं आत्यानं पोहायचं काढलं. झरीला असताना ती आणि अप्पा शेतातल्या विहिरीत पोहायला शिकले होते, लग्नानंतर तिचं सुटलं होतं. घाटाच्या खालच्या अंगाला, बायकांच्या धुण्याच्या पलीकडं एक शांत डोह होता. आत्यानं वाळलेले भोपळे आणले, माझ्या पाठीला बांधले, लुगड्याचा काष्टा घट्ट मारायला लावला. गळ्यातलं इष्टलिंग आम्ही कधी अंगावेगळं करत नाही; ते तिनं फडक्यात गुंडाळून माझ्या छातीशी आवळून बांधलं आणि मला पाण्यात ढकललं.

मी बुडत नव्हते, भोपळे होते. तरी मी ओरडले. नाकातोंडात पाणी गेलं, हातपाय झाडले, आत्याचा दंड ओरबाडला. बाहेर येऊन म्हणाले, मला हे जमणार नाही. आत्या म्हणाली, मग उद्या बघू. उद्याही तसंच झालं. रंगाऱ्याची मुलगी काठावर हसून लोळत होती. तिला नदी लहानपणापासूनची सवयीची, पण छातीपर्यंतच्या पाण्यापुढं तीही कधी गेली नव्हती. आत्यानं तिलाही भोपळे बांधले. मग तिचं हसणं थांबलं आणि माझं सुरू झालं.

थंडीत पाणी चावायचं. बाहेर आल्यावर दातावर दात वाजायचे आणि घरी जाईपर्यंत पोटात आग पडलेली असायची. पण रोज थोडं पुढं जाता येत होतं, हे मला कळत होतं. काल जिथं दम लागला तिथं आज लागला नाही, एवढी एकच गोष्ट मनात धरून मी दिवसभर कामं करायची. चेहऱ्याचं मी काही करू शकत नव्हते. हातापायांचं करू शकत होते. महाशिवरात्रीच्या सुमाराला आम्ही दोघींनी भोपळे सोडले. तोपर्यंत शाळेतल्या आणखी काही मुली यायला लागल्या होत्या. सकाळी आमचा आवाज घाटापर्यंत जायचा.

आणि मग तो बाजारापर्यंत गेला. आमच्याच समाजातले एक वजनदार व्यापारी चार लोक घेऊन मामांच्या दुकानात आले. वयात आलेल्या पोरी उघड्या नदीत पोहतात, हे घरंदाजांचं लक्षण नाही, उद्या कुणी अंमलदार किंवा टवाळ पोरगा तिकडं गेला तर जबाबदार कोण, असं बरंच बोलले. मामांनी त्यांना पान दिलं, ऐकून घेतलं आणि विचार करतो म्हणाले. रात्री जेवताना त्यांनी हे सगळं आत्याला सांगितलं. मी वाढत होते. मला वाटलं संपलं, उद्यापासून बंद.  मामा हात धुऊन झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो तर मामा आमच्या पुढं चालत होते. काखेत घोंगडीचं आसन, हातात पूजेचं साहित्य. डोहाकडं उतरणाऱ्या वाटेच्या अगदी तोंडावर, वरच्या पायरीवर त्यांनी आसन टाकलं, नदीकडं पाठ आणि गावाकडं तोंड करून बसले, डाव्या तळहातावर लिंग घेतलं आणि पूजेला लागले. आमच्यात लिंगपूजा करणाऱ्या माणसाला ओलांडून कुणी जात नाही. मामांची पूजा घरी थोडक्यात आटपायची. घाटावर ती आमचं पोहणं संपेपर्यंत चालली.

ते रोज यायला लागले. थंडी असो, वारा असो. ते व्यापारीही एकदा आले. वाटेच्या तोंडाशी थांबले, मामांकडं पाहिलं, हात जोडले आणि परत गेले. मामांनी त्यांना काही समजावलं नाही आणि आम्हालाही याबद्दल कधी एक शब्द सांगितला नाही. एवढ्या महिन्यांत त्यांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. आपल्या पाठीमागं कुणीतरी आपली पाठ राखत बसलंय, हे माहीत असलं की पाण्यात हात आपोआप लांब पडतो. मला तो फरक दिसत होता.

चैत्रात नदीचा पट आटतो, पण पलीकडच्या बाजूनं खोल धार असते. त्या धारेच्या पल्याड वाळूत टरबूज-खरबुजांच्या वाड्या लावतात. त्या वाड्यांपर्यंत पोहून जायचं, हे मी आणि रंगाऱ्याच्या मुलीनं आपसात ठरवून टाकलं होतं. आत्याला सांगितलं तेव्हा तिनं धार नीट बघून घेतली. मग म्हणाली, मी मधे राहीन.

त्या सकाळी आम्ही दोघी आणि आत्या निघालो. बाकीच्या मुली काठावर. अर्धं अंतर सोपं गेलं. धारेत शिरलो तसं पाणी खालून ओढायला लागलं. समोरची वाळू जवळ येण्याऐवजी बाजूला सरकत होती. मैत्रीण माझ्या जरा मागं होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. आत्या ओरडली की धारेशी भांडू नका, तिरकं चला. मी तिरकं काढलं. छातीत ठोके पडत होते आणि मनात दुसरं काहीच नव्हतं. चेहरा नाही, पूर्णेची सोयरीक नाही, फक्त हात आणि पुढचा हात. मग पायाला वाळू लागली. मी मागं वळून हात दिला, मैत्रिणीनं आपला निळा पंजा माझ्या हातात दिला आणि आम्ही दोघी वाळूवर पालथ्या पडलो.

वाडीतली बाई वेलांना पाणी घालत होती. तिनं आमच्याकडं पाहून विचारलं, कुठून आलात गं?

"पल्याडून," मी म्हणाले.

"पोहत?"

"व्हय."

तिनं नवऱ्याला हाक मारून हे सांगितलं, एक टरबूज फोडलं आणि आम्हाला दिलं. तिला माझ्या तोंडावर काय दिसलं असेल ते असो, ती त्याबद्दल बोलली नाही. तिला धारेबद्दल विचारायचं होतं. मी तिला धारेबद्दल सांगत बसले आणि टरबुजाचं पाणी माझ्या कोपरावरून गळत राहिलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी अप्पा आले. दुपारची वेळ होती. मी पाणी दिलं, त्यांनी ते हातात घेऊन माझ्याकडं पाहिलं आणि प्यायचं विसरून गेले. मी उन्हानं काळी झाले होते आणि भरलेही होते. जेवण झाल्यावर त्यांनी आत्याला येण्याचं कारण सांगितलं. पोखर्णीच्या बाजूचं एक स्थळ आलं होतं. जमीन चांगली. नवरा माझ्या धाकट्या काकांच्या वयाचा, बायको गेलेली, लहान लेकरं घरात. चेहऱ्याचं काही नाही, घर सांभाळलं म्हणजे झालं, असं त्यानं कळवलं होतं. अप्पांचा आवाज सांगताना हलका झाला होता. त्यांच्या मनावरचं ओझं उतरत होतं, हे मला दिसत होतं आणि त्याचंच मला वाईट वाटत होतं.

मी आत्याकडं पाहिलं. माझ्या बाजूनं ती बोलेल असं मला वाटलं होतं. सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोलणारी आत्या त्या वेळी खाली बघून सुपारी कातरत राहिली. बोलायचं ते मलाच बोलायचं आहे, हे तिनं मला असं कळवलं.

मी म्हणाले, "अप्पा, मी जायची न्हाई."

"का?"

"त्यांनी चेहऱ्याचं चालंल म्हनलं. मला तसं चालायचं न्हाई. शाळेतलं समदं शिकून झालं की मी झरीला येते. तितं पोरींना शिकविते. मंग लगनाचं बघू, अन् न्हाई झालं तर न्हाई."

आमच्या घरात पोरीनं बापाशी इतकं लांब बोलायची रीत नव्हती. अप्पा रागावले नाहीत. ते फक्त थकल्यासारखे दिसले. मी आणि तुझी आई गेल्यावर काय, एवढंच ते म्हणाले. त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, मी तसं सांगितलं. पण माझा नकार मी मागं घेतला नाही. संध्याकाळी अप्पा फारसं जेवले नाहीत.

सकाळी मामांनी त्यांना आपल्याबरोबर घाटावर यायला सांगितलं. आम्ही मुली डोहाकडं उतरलो तेव्हा दोघंही वरच्या पायरीवर बसत होते, शेजारी शेजारी, गावाकडं तोंड करून. पुढचं मला मामांनी फार नंतर सांगितलं, अप्पा वारल्यावर. तसे ते अशा गोष्टी सांगणारे नव्हते. म्हणाले, तुझ्या अप्पांची पूजा लवकर संपली. ते ऐकत बसले. खाली तुम्ही सगळ्या एकदम हसलात. त्यांनी विचारलं, यातली आमची कोणती? मी म्हणालो, ओळखा. ते थोडा वेळ कान देऊन बसले आणि मग म्हणाले, ही. लहानपणी असंच हसायची. मग रुमालात तोंड धरून बसून राहिले. वळून मात्र त्यांनीही पाहिलं नाही, कारण मी वळलो नव्हतो.

अप्पा दुपारच्या गाडीनं एकटेच परत गेले. निघताना दारात थांबून त्यांनी मला विचारलं, आईला काय सांगू? मी म्हणाले, सांगा, बरी हाय, अन् तीन भाकरी खाती. त्यावर ते हसले. पोखर्णीच्या स्थळाला त्यांनी काय कळवलं ते मला कधी समजलं नाही, पण तिकडून पुन्हा कुणी आलं नाही.

मी अठरा वर्षांची असताना झरीला परत आले. रंगाऱ्याच्या मुलीचं त्याआधीच मानवतला लग्न झालं होतं. गावी येऊन मी महादेवाच्या देवळाच्या ओवरीत मुलींचा वर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी शेजारच्या दोन पोरी आणि माझी चुलत बहीण, एवढ्याच होत्या. वर्ग भरवायच्या आधी मी त्यांना ओवरी झाडायला लावायची, मग विहिरीवरून पाणी, मग पाटी. लोक म्हणायचे, शिकवते की राबवते? मी म्हणायची, दोन्ही. उन्हाळ्यात मी मुलींना विहिरीत पोहायला उतरवलं की अप्पा स्वतः शेतातल्या त्या विहिरीच्या वाटेवर बाज टाकून बसायचे, तोंड गावाकडं करून.

पुढं गडबडीचं साल आलं. निजामाच्या राज्यातली ती शेवटची वर्षं ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको. लुटालूट-जाळपोळीच्या भीतीनं गावोगावची माणसं बायका-लेकरं घेऊन राज्याच्या हद्दीपलीकडं जायला लागली. आमच्याही गावातून गाड्या निघाल्या. पंचांनी अप्पांना सांगितलं की पोरींचा वर्ग आता बंद करा, एवढ्या मुली एका जागी जमवणं धोक्याचं. त्यांचं चुकीचं नव्हतं. मीही घाबरले होते. ओवरीतला वर्ग मी बंद केला आणि आमच्या घराच्या आतल्या सोप्यात सुरू केला. येतील तेवढ्या मुली. कधी एकच यायची. बाहेर काय चाललंय हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. त्या भेदरून यायच्या, एकमेकींना चिकटून बसायच्या. मी त्यांना आकडे मोठ्यानं म्हणायला लावायची. एकदा म्हणायला लागल्या की आवाज आपोआप वर चढायचा. अप्पा दारातून म्हणायचे, जरा हळू. आम्ही हळू करायचो, पण बंद करत नव्हतो.

पावसाळा सरता सरता राज्य बदललं. गेलेली माणसं गाड्या भरून परत आली. घरं झाडली, पडक्या भिंती लिंपल्या आणि मी वर्ग पुन्हा ओवरीत नेला. आता मुली आधीपेक्षा जास्त होत्या. परत आलेल्या लेकरांतल्या कित्येकजणी नुसत्या गप्प बसायच्या. त्यांनाही झाडू दिला, घागरी दिल्या, एकमेकींच्या शेजारी बसवलं.

त्या थंडीत परभणीहून शाळाखात्याचा एक नवा अंमलदार गावात आला. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेला, तरुण. ओवरीसमोर उभा राहून त्यानं थोडा वेळ आमचं बघितलं. मग मला विचारलं की ही शाळा कुणाच्या परवानगीनं चालते?

मी म्हणाले, कुणाच्याच नाही.

तो गोंधळला. त्यानं मुलींना दोनचार प्रश्न विचारले, त्यांनी उभं राहून उत्तरं दिली. मग तो मला म्हणाला की सरकारी शाळा करायची असेल तर तुम्हाला परभणीला येऊन परीक्षा द्यावी लागेल. तिथं परीक्षेला बसणारे बहुतेक पुरुष असतात, आणि उत्तीर्ण होणं सोपं नाही, हेही त्यानं सांगितलं. त्याला मला घाबरवायचं नव्हतं, माहिती द्यायची होती.

 मागून पोरी माझ्याकडं बघत होत्या.

"कवा यायचं?" मी विचारलं.